आम्ही रचलेला दुसरा भाग

मला जाडजूड पुस्तकं आवडतात. सहाशे पानांची, पहिल्याच पानावर नकाशा असलेली, तीन-तीन भागांत चालणारी. खेड्यात वाढलेला अनाथ पोरगा, त्याच्या दंडावरची जन्मखूण, सगळं ठाऊक असूनही वेळेवर काही न सांगणारा दाढीवाला म्हातारा, गंजक्या पेटीत सापडलेली तलवार, वाट सोडायची नाही असं बजावलेलं जंगल, आणि पलीकडच्या किल्ल्यात बसलेला, ज्याचं तोंड कोणी पाहिलेलं नाही असा राजा. आमच्या कचेरीतला एक शहाणा नाक मुरडून म्हणतो, "सगळी एकसारखीच असतात." अरे बाबा, एकसारखी असतात म्हणून तर वाचते! घरी रोज माशाचं हुमण होतं, तेव्हा ताटावर बसून तू विचारतोस का, आजही नारळच का घातला म्हणून? म्हातारा मरणार हे मला पहिल्या पानापासून माहीत असतं. सोबत्यांपैकी एक फितूर होणार हेही माहीत असतं. तरीही तो फितूर झाला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तेवढ्यासाठी मी पैसे देऊन पुस्तक घेते.

त्यातही मला लढाया आवडतात. स्पष्टच सांगते, उगाच सभ्यपणाचा आव आणत नाही. घोडा पोटात भाला घेऊन कोसळतो, ढाल फुटते, एखाद्याचा जबडा सुटून लोंबतो, तिथे मी पान सावकाश उलटते. बाईमाणसाला असलं वाचायला कसं आवडतं, असं विचारणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहते.

हे सगळं आज लिहितेय, कारण माझ्या भावाने एका माणसाची तीन बोटं कोयत्याने तोडली, आणि भावाला तुरुंगात जावं लागेल की नाही, हे माझ्या एका उत्तरावर होतं. पुस्तकांनी तो कोयता चालवला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं फार सोयीचं आहे. पण मी पुस्तकं वगळून ही गोष्ट सांगायला बसले तर अर्धीच सांगेन.

माझं माहेर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या केरीला. घरासमोर उतार, उताराखाली नदी, नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. आमच्या घराला मागच्या बाजूने जोडलेल्या चार खोल्या होत्या, त्या आम्ही परदेशी पाहुण्यांना भाड्याने द्यायचो. हंगाम संपला की ते निघून जायचे आणि ओझं नको म्हणून पुस्तकं मागे टाकून जायचे. पानांत वाळू, कव्हरावर कॉफीचे गोल डाग, कधी खाडीच्या दमटपणाने फुगून दुप्पट झालेलं पुस्तक. झाडायला गेले की जनेलावर, खिडकीच्या कठड्यावर, ती मिळायची. मी तेव्हा चौदा वर्षांची, भाऊ नऊचा. आमच्या शाळेत इंग्रजी माध्यम पाचवीपासून, आणि तो अजून चौथीत, त्याला ती भाषा जड जायची. म्हणून मी वाचायचे आणि आमच्या बोलीत त्याला सांगायचे. नकाशातली नदी म्हणजे आपली नदी, काळा किल्ला म्हणजे पलीकडचा किल्ला, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आणखी एक सांगायला हवं. आमचे बाबा मारायचे. दारू प्यायचे नाहीत, जुगार नाही, गावात मान होता. पण हात कधी उठेल याचा नेम नसायचा. पाण्याचा तांब्या जागेवर नाही म्हणून आईच्या कानाखाली, पाहुण्यांसमोर हसलो म्हणून आमच्या पाठीवर नारळाच्या झावळीचा दांडा, पिडा. एकदा भावाच्या कानातून रक्त आलं, आणि बाबा संध्याकाळी त्याच्यासाठी पोदेराकडून, पाववाल्याकडून, गरम उंडे पाव घेऊन आले. काय म्हणून मारलं, काय म्हणून खाऊ घातलं, काही कळायचं नाही. पुस्तकात मात्र कळायचं. तलवार निघायच्या आधी वारा पडायचा, घोडे बिथरायचे, म्हातारा मान वर करायचा. ज्याला घाव बसायचा त्याने तो कमावलेला असायचा. आम्ही दोघं खोल्यांच्या मागच्या जिन्याखाली बसून एकमेकांच्या पाठीला तेल लावायचो आणि पुढचं प्रकरण ऐकायचो. त्या पुस्तकांची गोडी काय, असं मला कोणी मनापासून विचारलं तर मी हेच सांगेन. कोणाला मार बसणार, ते आधी कळतं.

आमची सगळ्यांत लाडकी गोष्ट तीन भागांची होती. आमच्याकडे पहिला होता आणि तिसरा होता. दुसरा नव्हता. एक उंच म्हातारा पाहुणा दोनच ठेवून गेला होता, मधला त्याने कुठे टाकला कोण जाणे. पहिल्या भागाच्या शेवटी आपला पोरगा बर्फाच्या खिंडीत उभा आहे. शत्रूचा एक शिपाई, एका डोळ्याचा, भाला फेकून बर्फात बसला आहे, हात वर केले आहेत. पोरग्याने तलवार उचलली, आणि पुस्तक संपलं!

"मगीर काय झाला गे, बाय?" भाऊ विचारायचा. झोपू द्यायचा नाही.

मी दुसरा भाग रचला. अवघड नव्हतं, ही पुस्तकं एवढी वाचली होती की मधलं सगळं हाताखालचं झालं होतं. दरीत म्हाताऱ्याला मारलं, जंगलात वाट चुकवली, पोरग्याच्या मावसभावाला फितूर केलं. पण सुरुवात त्या शिपायापासूनच करायची होती. त्या दिवशी बाबांनी मला फुंकणीने मारलं होतं आणि माझी करंगळी सुजली होती. मी सांगितलं, पोरग्याने एका घावात त्याची मान उडवली. डोकं बर्फावरून गडगडत खाली गेलं, एक डोळा उघडा, एक मिटलेला. भाऊ टाळ्या पिटून हसला. परत सांग म्हणाला. मी परत सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी आणखी रक्त घातलं.

पंचाईत तिसऱ्या भागात झाली. तिथे काळ्या किल्ल्याला वेढा पडलाय, आत शिरता येत नाही, आणि एका पानावर दरवाजातली छोटी दिंडी आतून उघडते. उघडणारा कोण? तोच एका डोळ्याचा शिपाई!

"तो तर मेल्लो न्हय गे?" भाऊ रडकुंडीला आला.

"तो न्हय," मी म्हटलं. "हो तेचो भाव."

"तेचोय एकूच डोळो?"

"घराण्यातच तसा आसा."

त्याला ते पटलं. मला वाटतं, त्याला पटवून घ्यायचंच होतं. पुढे कित्येक वर्षं आम्ही ते तसंच चालवलं. मी दोनशे पानी वहीत आमचा दुसरा भाग लिहूनही काढला.

मी चोवीस वर्षांची असताना खरा दुसरा भाग सापडला. बाबा तोवर वारले होते, माझं लग्न ठरलं होतं, आणि एका पाहुणीने तो जनेलावर ठेवला होता. मी खोली झाडायची सोडून खाटेवर बसून वाचला. पहिल्याच पानावर पोरगा तलवार खाली घेतो. शिपायाला आपल्यातला अर्धा पाव देतो आणि जा म्हणतो. एवढंच. म्हणून तो तिसऱ्या भागात दिंडी उघडतो. लहान पोरालाही कळेल इतकं सरळ होतं. मला लाज वाटायला हवी होती, पण आला तो राग. माझा शिपाई जास्त चांगला मेला होता! भावाला मी हे सांगितलं नाही. आमचा भाग खऱ्यापेक्षा भारी असणार, असं तो मोठा झाल्यावरही म्हणायचा. ते पुस्तक मी भंगारवाल्याच्या गोणीत टाकलं.

माझं लग्न होऊन मी डिचोली तालुक्यात नार्व्याला आले, डिचोलीला सरकारी कचेरीत लागले. भाऊ केरीला राहिला, खोल्या आणि काजूची बागायत बघायला. ती बागायत डोंगराच्या उतारावर, बाबांची आणि चुलत्याची सामाईक. वाटण्या झाल्याच नव्हत्या. चुलत्याने आपला वाटा बाहेरच्या एका माणसाला विकला, आणि त्या माणसाने अख्ख्या डोंगराला कुंपण घालायला माणसं धाडली.

काजूचा हंगाम होता. मी रजा काढून माहेरी गेले होते. सकाळी आम्ही तिघं, आई, भाऊ आणि मी, काजूचे बोंडू वेचत होतो. आठ जण आले. लोखंडी खांब, तारांची भेंडोळी आणि हातात काठ्या. कोर्टात दावा चालू आहे, कुंपण घालता येणार नाही, असं भावाने सांगितलं. त्यातल्या एकाने त्याच्या छातीवर काठी टेकवून त्याला मागे ढकललं. भाऊ पडला नाही. तो मागे सरकत सरकत, जिथे वाट दोन गडग्यांमधून जाते तिथे जाऊन उभा राहिला. चिऱ्यांचे गडगे छातीएवढे, मधून एका वेळी एकच माणूस जाईल. कमरेचा कोयता त्याने हातात घेतला. मी त्याच्या मागे चार पावलांवर वरच्या बाजूला होते, आणि खरं सांगायचं तर मला अभिमानाने भरून आलं. एक माणूस, अरुंद वाट, समोर आठ. हे आम्हाला पाठ होतं.

पहिल्याने काठी घातली ती भावाच्या खांद्यावर बसली. हाडाचा आवाज मला ऐकू आला. भावाने कोयत्याच्या मुठीने त्याच्या तोंडावर ठोसा दिला, दात आणि रक्त एकदम बाहेर आलं. दुसरा गडग्यावर चढला. मी काजू पाडायची काठी त्याच्या कानावर घातली. एकदा पुरेसं होतं, मी तीनदा घातली. तो पलीकडे तारांच्या भेंडोळ्यावर पडला आणि ओरडायला लागला. मला आनंद झाला. लिहिताना लाज वाटतेय, पण झाला, अगदी पोटातून झाला. आई खालच्या अंगाने गडग्याआडून चिऱ्यांचे तुकडे फेकत होती, तिला वरचं दिसत नव्हतं. एकाचं कपाळ फुटलं. मग ते पळाले.

सात जण खाली पळाले. एक जण गोंधळात वरच्या बाजूला, आमच्या बागायतीत घुसला होता. भाऊ त्याच्याकडे वळला तसा तो पळायला लागला आणि बोंडू तुडवायच्या दगडी खळग्याशी, सालींच्या राड्यात घसरून पडला. त्याने काठी फेकली. ती उतारावरून घरंगळत माझ्या पायाशी आली. तो बसल्या जागी उजवा हात वर करून, पंजा उघडा करून राहिला. भाऊ त्याच्यापुढे उभा राहिला, आणि पापणी लवायच्या आत कोयता खाली आला.

बोटं राड्यात पडली. तीन. बोंडूंचा रस आणि रक्त एकत्र झालं आणि तो वास अजून माझ्या नाकात आहे. माणूस ओरडलाही नाही आधी, नुसता हाताकडे बघत बसला. आई धावत आली, "ह्यां काय केलंस रे!" म्हणत तिने पदर फाडून त्याचा हात आवळला. भाऊ गडग्याला टेकून ओकत होता.

मी तेव्हा काय केलं? माझ्या पायाशी आलेली काठी उचलली आणि त्या माणसाच्या मांडीजवळ नेऊन ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. आईने बघितलं आणि मान वळवून ती पुन्हा त्याचा हात आवळायला लागली.

पोलिसांनी काठी तिथेच उचलली. मी जबाब दिला, तो माणूस काठी उगारून भावावर धावून आला, भावाने जीव वाचवायला कोयता फिरवला. भावानेही तेच सांगितलं, आईनेही. त्याचे सोबती तर केव्हाच पळून गेले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. उरला तो माणूस, आणि तो खोटं बोलतो असं सगळ्या गावाने ठरवलं. खांद्याचं हाड मोडलेला भाऊ गावात वीर झाला. घरी येऊन लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे, आणि तो दचकायचा.

पुस्तकात घाव भरतात. कोणीतरी पाला चुरून लावतं, दोन रात्री ताप, तिसऱ्या दिवशी माणूस घोड्यावर. आणि शत्रूच्या शिपायांना तर घावच नसतात, ते थेट मरतात, शेकड्यांनी, बिननावाचे. मी एवढी वाचली, एकातही पुढच्या चार वर्षांचं कोणी काही लिहिलेलं नाही.

कोयता चालला त्यानंतर चार वर्षांनी, कोर्टात माझी साक्ष व्हायच्या महिनाभर आधी, तो माणूस माझ्या कचेरीत आला. अपंगांच्या मदतीचा अर्ज घेऊन रांगेत उभा होता, आणि त्याची पाळी माझ्यासमोर आली. मूळचा सावंतवाडीकडचा, पण वीसेक वर्षं डिचोलीजवळच्या पाळी गावात राहिलेला. खाणीवर टिपर, खनिजाचा ट्रक, चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा मिळेल ते काम करू लागला, आणि मिळालेल्या कामांतलं एक काम म्हणजे आमच्या डोंगरावर कुंपण घालणं. टिपर आता कोणी त्याच्या हातात देत नव्हतं. त्याने मला ओळखलं. मीही. पाठीमागे लोक होते. मी मान खाली घालून एकेक रकाना विचारत गेले आणि अपंगत्वाच्या कारणापाशी आले.

"हात कशाने गेला?" मी विचारलं. नोकरी होती माझी, विचारावंच लागणार होतं.

"तुमीच लिवा," तो म्हणाला. "तुमका म्हायत आसा."

आवाज चढवला नाही. मी 'अपघात' असं लिहिलं. त्याने डाव्या हाताने, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढत सही केली आणि गेला. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. घरी येऊन बिनकारण नवऱ्यावर खेकसले, एक बशी फोडली, तुकडे गोळा करताना हात कापून घेतला. रात्री पुस्तक उघडलं, त्यात वेढा पडत होता, भिंतीवरून उकळतं तेल ओतत होते. एका पानावर किती माणसं भाजली ते मी पहिल्यांदा मोजलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या वकिलाने साक्षीच्या आदल्या दिवशी बजावलं, आधीच्या जबाबाला धरून राहा, जास्त बोलू नका. आईने माझ्या पानात वाढता वाढता सांगितलं, "तुझ्या तोंडात तेचो जीव आसा." भाऊ हात धुवून लवकर खोलीत गेला. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. मी जेवले, झोपले आणि सकाळी कोर्टात उभी राहिले, तोपर्यंत मी काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला ठाऊक होतं.

"त्याच्या हातात काठी होती. बरोबर?" आमच्या वकिलाने विचारलं.

"नव्हती," मी म्हटलं. "त्याने फेकली होती. हात रिकामा होता. काठी त्याच्याजवळ मी ठेवली."

वकिलाचा चेहरा पडला. त्याने प्रश्न फिरवून पुन्हा विचारला, मी पुन्हा तेच सांगितलं. मग समोरच्या वकिलाने विचारलं, त्यालाही तेच. भावाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तो रागावला नव्हता. मार खाऊन झाल्यावर लहानपणी तो जसा खाली बघत बसायचा तसा बसला होता. पुढे त्याला शिक्षा झाली, तो अजून आत आहे. माझ्यावरही खोट्या जबाबाचं प्रकरण चालू आहे. आई माझ्याशी बोलत नाही, मी केरीला गेले की चहा समोर ठेवते आणि आत जाते. हे सगळं मी धरून चालले होते.

जे धरून चालले नव्हते, ते त्याच दिवशी कोर्टाबाहेरच्या पायऱ्यांवर झालं. आई मला ओलांडून पुढे निघून गेली होती. तो माणूस खालच्या पायरीवर थांबला होता. मला वाटलं, आभार मानेल. हो, वाटलं. चार वर्षं त्याला खोटारडा म्हणवून घ्यायला लावलं, आणि आता आपण मोठ्या मनाने खरं बोललो, तर दोन शब्द बरे बोलेल, एवढी आशा मला होतीच. मी स्वतःच पुढे झाले आणि म्हटलं, "काठीचं सांगायला उशीर झाला माझ्याकडून. माफ करा."

"काठयेचा ऱ्हवांदे," तो म्हणाला. त्याने तो हात खिशातून काढला नाही. "तुमचो भाव तापलेलो होतो, तेका काय कळाचा नाय. मी हात तेका दाखवलंयच नाय. तुमका दाखवलंय. बायलमाणूस उभा आसा, ता हाक मारतला, असा वाटला माका. तोय थांबलेलो, बाय. कोयतो वर धरून थांबलेलो. आमी दोघंय तुमच्याकडेच बघी होतो."

आणि तो बस पकडायला निघून गेला.

सगळं पापणी लवायच्या आत झालं, असं मी पोलिसांना सांगितलं होतं, नवऱ्याला सांगितलं होतं, वर लिहितानाही तसंच लिहून गेले. तसं झालं नव्हतं. भाऊ थांबला होता. मान वळवून त्याने माझ्याकडे बघितलं होतं, आणि 'नको' म्हणायला मला हवा तेवढा वेळ होता. मी म्हटलं नाही, कारण पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.